अर्थ वर की खाली

खोबरला, समुद्रापासून दोन सिग्नल आत,
दोसरींच्या नव्या व्हिलात
एकशे सहासष्ट सॉकेट बसवले आम्ही दोघांनी,
मी आणि इब्राहिम चौगुले, श्रीवर्धनचे.

अमेरिकन माल. दोन उभ्या चिरा, खाली एक गोल भोक.
नीट पाहिलं तर चेहरा दिसतो:
बारीक डोळे, आ वासलेलं तोंड,
कुणीतरी नाव विचारलंय
आणि त्याला ते आठवत नाहीये.

ड्रॉइंगवर लिहिलेलं, अर्थ वर.
म्हणजे सगळे चेहरे उलटे.

चौगुले म्हणाले, बरोबरच आहे.
प्लग अर्धवट निघालेला असतो,
टेबलावरून पट्टी पडते, लोखंडाची,
तर ती आधी अर्थच्या पिनेवर आपटावी.
अर्थ कुणाला काही करत नाही.

चाचा, किती वर्षं झाली इथं?
एकतीस.
पट्टी पडताना पाहिलीय कधी?
नाही. पण ती मला विचारून थोडीच पडणार.

चौगुले अर्थ म्हणतात, मीही अर्थच म्हणतो.
कुरियाकोस इंजिनियर त्याला काहीतरी तिसरंच म्हणतो.
शाळेत हा शब्द पाच मार्कांना असायचा,
कवितेखाली.
तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं
की तो हिरव्या वायरमधून जातो
आणि दिवा लागायला त्याची गरज नसते.

मग फ्रिज आला.
त्याचा प्लग चपटा, वायर खालच्या अंगाला.
आमच्या सॉकेटात घातला तर वायर वर निघाली
आणि मान मुरगळल्यासारखी परत खाली वळली.
फ्रिजवाला रोडेल हसला. आम्हाला हसू आलं नाही.

संध्याकाळी मालक आले, सोबत त्यांची धाकटी, जवाहिर.
ती फरशीवर उताणी पडली, डोकं भिंतीकडे,
आणि तशीच घसटत खोलीभर फिरली.
असं पाहिलं की सगळे सरळ दिसतात, म्हणे.
बापाने तिच्या पाठीवरची सिमेंटची धूळ झटकली,
आमच्याकडे पाहून मनगट फिरवलं:
उलटवा.

दर सॉकेटला प्लेटचा एक स्क्रू, आतले दोन.
एक वाजेपर्यंत नव्वद झाले.
चौगुल्यांचे गुडघे दर सॉकेटला वाजत होते,
मी मोजायचं सोडलं होतं, ते मोजत होते.

शेवटचा बेडरूमचा, दिव्यासाठीचा,
दाराजवळच्या बटणावर बांधलेला.
मी स्क्रूड्रायव्हर लावला तर म्हणाले, राहू दे तो तसाच.
उलटा दिसला की पुढच्या वायरमनला कळतं,
हा दुसऱ्याच्या बटणावर चालतो.

बोलून गप्प झाले.
मीही.
पासपोर्ट दोघांचेही कंपनीच्या कपाटात.

खाली अंगणात अर्थचा रॉड ठोकलेला आम्हीच,
मागच्या महिन्यात. कोरडी वाळू,
करंट घ्यायलाच तयार नाही.
ठोकत गेलो, दुसरा रॉड जोडला, परत ठोकला,
मीटरचा काटा हलेना,
आणि मग कुठेतरी खाली
ओल लागली. खारी असणार. असेना.

कॅम्पवर आल्यावर घरी फोन केला.
असगोलीला अडीच वाजून गेलेले असणार,
हे रिंग वाजल्यावर लक्षात आलं.
सुलूने घाबरून उचलला.

म्हटलं, काही नाही.
मागच्या पडवीशी तो अर्थिंगचा खड्डा आहे ना,
मीठ-कोळशाचा,
त्यात कळशीभर पाणी घाल. एप्रिल आहे.

कालच घातलंय, म्हणाली.
दर शनिवारी घालते. तुम्हीच सांगून गेला होतात.

मग थोडा वेळ
दोन्हीकडचे पंखे ऐकू येत राहिले.